फिकट ठिपके

४१७ क्रमांकाच्या प्लेटवर सव्वीस ठिपके होते. अहल्येने ते मोजले, कारण मोजण्याच्या कामात तिला स्वतःचा संशय येत नसे. ठिपके फिकट, सपाट, कडेला किंचित दातेरी. सगळ्यांत मोठा तीन मिलिमीटर, सगळ्यांत लहान एक. जीवाणू वाढवायचा खालचा थर गुलाबी होता, पण ठिपक्यांनी तो रंग घेतला नव्हता. तिने प्लेट खिडकीकडे धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली. हिरवी झाक कुठे नव्हती. मग डाव्या हाताने झाकण अर्धं बोट उचललं, नाक जवळ नेलं, श्वास घेतल्यासारखं केलं आणि झाकण खाली ठेवलं. गेली चार वर्षं ती हे असंच करत आली होती. कच्च्या वहीत तिने लिहिलं, ‘फिकट, सपाट. बाहेरून मिसळलेले असावेत. दखल घेण्याजोगं काही नाही.’ ‘नाही’पुढचा पूर्णविराम देऊन पेन उचललं, तेवढ्यात दार ढकललं गेलं.

"अक्का, द्राक्षं कोणी आणली?"

मेघाश्री धुतलेल्या नळ्यांचा ट्रे पोटाशी धरून आत आली होती. सहा वर्षं ती ह्या नर्सिंग होमच्या लॅबमध्ये अहल्येच्या हाताखाली टेक्निशियन होती. घरी मराठी, बाहेर कन्नड, आणि दोन्हींत सारखीच बोलकी. "काळी द्राक्षं हो. देवनहळ्ळीला माझ्या मावशीच्या मळ्यात असतात ना, तशी. कसा सुटलाय वास!"

"खाली गाडीवाला असेल," अहल्या म्हणाली.

"गाडीवाला? इथं? एवढ्या सकाळी?" मेघाश्रीने ट्रे ठेवला, हात पुसले, एकदा टेबलाकडे पाहिलं. "सरी, ठीक. असेल बापडा." आणि ती गेली.

ती टेबलाकडे किती वेळ पाहत होती? एक सेकंद, फार तर दीड. टेबलावर प्लेटी अकरा होत्या, उघडून झाकलेली एकच. अहल्येने ती प्लेट रिकाम्या डब्यामागे सरकवली, आणि आपण असं का केलं ह्याचा विचार नंतर केला. नळाखाली नळ्या खणखणत होत्या, तेवढाच आवाज. मेघाश्री एरवी कामात गुणगुणायची, आज गप्प होती. की ती रोजच गप्प असे आणि आज पहिल्यांदा लक्षात येत होतं? द्राक्षांसारखा वास कोणत्या जीवाणूला येतो हे ह्या धंद्यातल्या कुणालाही सांगावं लागत नाही. स्यूडोमोनास. एरवी तो स्वतःची ओळख पटवतो, प्लेटभर हिरवा रंग सोडतो, शेंबडं पोरही दाखवून देईल. पण काही काही वाण रंग सोडतच नाहीत. मग उरतो तो नुसता वास, पिकून फुटायला आलेल्या द्राक्षांचा. खात्री करायला एक औषध असतं, कागदाच्या पट्टीवर थेंब टाकायचा, वर ठिपका चोळायचा, जांभळं झालं की झालं. पण ते औषध ताजं कालवावं लागतं आणि आठवड्यात बाटलीतल्या बाटलीत आपलं आपण जांभळं होऊन बसतं. म्हणून छोट्या लॅबांतून एक रीत पडलेली होती, कुणी कुणाला न शिकवता. हिरवं दिसलं किंवा नाकाने संशय घेतला, तरच औषध काढायचं. प्लेट हुंगू नये असं पुस्तकात ठळक छापलेलं असतं. सगळे हुंगतात.

आप्पाजी सर तर हुंगायचीच परीक्षा घेत. धारवाडला, एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, पावसाळी ढगाळ दुपारी, विद्यार्थ्यांच्या डोळ्यांवर टेबल पुसायची फडकी बांधून. पाच प्लेटी एकामागून एक नाकाखालून जात. मुलं हसत, शिंकत, एकाने दोनदा ‘गटार’ असं उत्तर दिलं होतं. अहल्येने पाचही सांगितल्या. उंदराच्या पिंजऱ्यासारखा हा, करपलेल्या चॉकलेटसारखा हा, साखर वितळायला लागल्यावर येतो तसा गोड हा. सर फडकं सोडताना म्हणाले होते, "हिच्या नाकाचा विमा उतरवून ठेवा रे." त्यावर वर्गात सगळे खूप हसले होते, आणि ती लाजली होती, पण त्या दिवसापासून तिला आपल्याला काय येतं ते ठाऊक झालं होतं. सुंदर नसण्याची, सावकाश बोलण्याची, कुठेच पटकन मिसळत नसण्याची तिला तेव्हापासून फारशी फिकीर राहिली नाही. तिचं नाक तिच्या आधी खोलीत शिरून सगळं पाहून येई, आणि मग ती निर्धास्त आत जाई.

ते गेलं कसं, ह्याचा तिने पुष्कळ वेळा पाठपुरावा केला होता, आणि दर वेळी वाट मध्येच बुजलेली निघे. अकरा वर्षांमागे सर्दी सुरू झाली. बंगळुरात सर्दीचं काय कौतुक. रिकाम्या प्लॉटांवर काँग्रेस गवत छातीएवढं माजायचं, दर घरात एक शिंकणारा असायचाच. मग गालांत जडपणा. वाकलं की डोळ्यांमागे शिसं ओतल्यासारखं व्हायचं. सकाळी घशात चिकट, पिवळं. पाच दिवसांच्या गोळ्या, मग दहा दिवसांच्या, मग नाव बदलून पुन्हा दहा दिवसांच्या. तिने स्वतःच्या नाकातला नमुना स्वतःच घेऊन ‘चंपा, वय चाळीस’ अशा नावाने लावला होता. सोनेरी ठिपके आले. प्लेटवर गोळीतल्या औषधाच्या चकतीभोवती रुंद स्वच्छ कडं पडलं, म्हणजे त्या औषधाने हे जीवाणू मरत होते. तेच औषध घेतलं आणि तेच जीवाणू नाकात तसेच राहिले. तेव्हापासून तिचा प्लेटवर पूर्ण विश्वास उरला नव्हता. जे उगवतं ते दोषी असं आपण लिहितो, आणि जे उगवतच नाही ते नाहीच असं धरून चालतो. आत, त्या अंधाऱ्या बंद पोकळीत, कोण राहतं आणि कोण नुसतं दारात उभं राहून सापडतं, हे काडीच्या टोकावरच्या कापसाला कसं कळणार? नर्सिंग होमचे नाकाचे डॉक्टर सुधींद्र म्हणत, जीवाणू नंतर येतात. आधी दार बंद होतं, आतलं पाणी साचतं, मग वस्ती. नाकात मऊ गाठी वाढल्यात, त्या काढून दार मोकळं करू, आता दुर्बिणीने करता येतं. हे त्यांनी चार वर्षांमागे सांगितलं होतं. ती ‘बघू’ म्हणाली, नंतर त्यांनी विचारलं तेव्हा ‘आता बरं आहे’ म्हणाली. त्याच्या पुढच्या महिन्यात कॉफी नुसतं गरम पाणी झाली.

वास गेल्यावर जगाला वास येत नाही असं होत नाही. तो असतो, फक्त तो तुम्हाला सोडून बाकी सगळ्यांना माहीत असतो. हे तिला कुणी आधी सांगितलं नव्हतं. दूध नासलंय का, गॅस चालू राहिलाय का, स्वतःच्या अंगाला घामाचा दर्प येतोय का. बसमध्ये शेजारची बाई थोडी सरकली की अहल्या उरलेला रस्ता त्याचाच विचार करी. नवऱ्याने, नरसिंहरावांनी, सिगरेट सोडल्याला दोन वर्षं झाली होती, म्हणजे त्यांनी तसं सांगितल्याला. ते अलीकडे लवंगा चघळत. लवंगा दातांसाठी की आणखी कशासाठी? ती त्यांच्या शर्टाच्या खिशाची शिवण उजेडात धरून पाही, तंबाखूचा कण सापडतो का म्हणून, आणि सापडला नाही तरी समाधान होत नसे. पूर्वी संशय घ्यायचं काम नाक करी, आणि एका श्वासात उरकून टाकी. आता ते काम डोक्याकडे आलं होतं आणि डोकं ते कधी संपवत नव्हतं.

सासूबाईंचं तर आणखीच. गेल्या दसऱ्याला गॅसवरची हुळी, म्हणजे डाळीचं सांबार, खाली लागली, भांडं काळं पडेस्तोवर अहल्या तिथेच ओट्याशी उभी राहून नारळ खवत होती. तुंगाबाई माजघरातून आल्या, गॅस बंद केला, भांडं नळाखाली ठेवलं. तेव्हापासून ती स्वयंपाकघरात पाऊल टाकायच्या आत त्या म्हणत, "दूध चांगलं आहे गं आजचं," किंवा "तूप जुनं झालंय, ते नको घेऊस." सहज म्हटल्यासारखं. त्या सहजपणावर अहल्येने महिनोन्महिने विचार केला होता. ही दया होती, की पाळत?

मेघाश्री रिपोर्ट पोचवायला वरच्या मजल्यावर गेल्याचं जिन्यावर ऐकू आलं, तेव्हा तिने औषध कालवलं. चिमूटभर पूड, दोन मिलिलिटर पाणी. पट्टीवर थेंब. काचेच्या काडीने ४१७ मधला एक ठिपका उचलून त्यावर चोळला आणि घड्याळाकडे पाहिलं. आठव्या सेकंदाला जांभळं झालं, गडद, वादाला जागा नाही असं.

पहिल्यांदा तिने दुसऱ्यांवर संशय घेतला. रोग्यांच्या नाकामागची पोकळी धुवायच्या सलाइनच्या बाटलीवर. ती उघडी राहत असेल, त्यात वाढला असेल. वरच्या सिस्टरच्या हातांवर. मेघाश्रीवर, की तिला आधीपासून कळलंय आणि ती मुद्दाम द्राक्षांचं बोलली, बघायला, की ही बाई काय करते. मग तिने मोठं रजिस्टर काढलं. ४१७ म्हणजे गंगव्वा, वय पंचेचाळीस, गाल व कपाळ दुखणं, नाकातून घाण पाणी. जानेवारीत नमुना आला होता. फेब्रुवारीत आला होता. दोन्हीकडे तिचंच अक्षर, बारीक, सरळ, एकाही खाडाखोडीशिवाय. ‘फिकट, सपाट. दखल घेण्याजोगं काही नाही.’ ती मागे मागे पानं उलटत गेली. ९५ साल. ९४ साल. तेच पाच-सहा शब्द निरनिराळ्या नावांपुढे पुन्हा पुन्हा येत होते. त्यांतले बहुतेक खरेच निरुपद्रवी असतील. बहुतेक. कुठले नव्हते, ते प्लेटी जाळून टाकल्यावर कोण सांगणार होतं?

"बाई, हाय का कोन?"

काउंटरच्या जाळीपलीकडे एक बाई उभी होती. डोकीवर पदर, हातात कापडी पिशवी, आणि उजवा डोळा अर्धा मिटलेला. वरची पापणी लाल, फुगून तकतकीत झालेली.

"गंगव्वा म्हंत्यात मला. त्यो नाकाचा रिपोट न्ह्यायला आलोय." अहल्येच्या तोंडाकडे पाहून ती जरा मोकळी झाली. "मराठी हाय न्हवं तुमी? बरं झालं बाई. मी निपाणीकडची. हितं पोरींच्या हॉस्टेलात सैपाक करतोय. चार म्हैनं झालं, नाकातनं नळ चालू हाय. पोरी म्हंत्यात, गंगव्वा, भाजीत मीठ जास्ती का पडतंय, त्ये कुठनं पडतंय आमाला ठाव हाय." ती स्वतःच हसली आणि हसताना डोळा दुखला म्हणून थांबली.

"हा डोळा कधीपासून?"

"काल सांजच्याला जरा जड वाटला. सकाळी उठतोय तर ह्ये असं. गोळ्या तर रोज गिळतोय की. डाक्टर म्हनले, रिपोट साफ हाय, हळूहळू जाईल. साफ हाय तर मग ह्ये काय वो बाई?"

अहल्येला जाळीच्या चौकोनांतून तिचा डोळा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. "वर जा," ती म्हणाली, "सिस्टरला डोळा दाखवा. डॉक्टर ऑपरेशनात आहेत, दोनला येतील. त्यांना भेटल्याशिवाय जायचं नाही. रिपोर्ट मी स्वतः आणून देते."

"तुमीच आनताय? मग बरं. तुमी त्यातल्या जानत्या." गंगव्वा पिशवी सावरत जिना चढली. तिची पावलं वर पोचेपर्यंत अहल्या जाळीशी उभी होती.

आजचा रिपोर्ट सुधारणं काहीच अवघड नव्हतं. कच्च्या वहीचं पान फाडलं की झालं. जीवाणूचं नाव लिहायचं, कुठल्या औषधाने मरतो त्याच्या चकत्या लावायच्या, उद्या कळेल. मागचे दोन रिपोर्ट तसेच राहू द्यायचे. कोण विचारणार? आणि विचारलं तर? तर एकाच प्रश्नाशी सगळं येऊन थांबणार होतं, की तुम्हाला वास कसा आला नाही. त्या प्रश्नानंतर हे टेबल राहणार नव्हतं. वीस वर्षांचं हे लाकडी उंच स्टूल, ज्याच्या आडव्या दांडीवर तिच्या टाचांनी खळगा पाडला होता, तेही राहणार नव्हतं. नाक नसलेली सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कुणाला हवी असते? तिला कपाळाआड ठोका पडू लागलेला जाणवला. गालाच्या हाडाखाली दाब भरत होता, आणि तो दाब आपल्या आतला की त्या बाईच्या आतला, हे क्षणभर नीट वेगळं करता येईना.

रिपोर्ट लिहून झाला तेव्हा साडेबारा झाले होते. तिथे बसवेना म्हणून ती रोजच्यासारखी जेवायला घरी गेली. चामराजपेटेतली चार गल्ल्यांची वाट. दारातच तुंगाबाईंचा आवाज आला, "ताक आंबट आहे स्वल्प, दही घे हवं तर."

अहल्या चपला काढता काढता थांबली. "तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"कशाचं गं?"

"माझ्या नाकाचं."

तुंगाबाई पानाला पाणी फिरवत होत्या. त्यांनी पाट पुढे सरकवला. "हुळी लागली त्या दिवशी खात्री झाली. त्याच्या आधी नुसतं वाटायचं. तू कोथिंबीर पारखायची सोडलीस बघ, मंडईतून आणायचीस ती तशीच टाकायचीस."

"मग विचारलं का नाही?"

"मी विचारायचं?" म्हातारीने तिच्याकडे पाहिलं. "एवढी शिकलेली तू. मला वाटलं, सांगेल कुणाला सांगायचं त्याला. तिकडे लॅबात तरी सांगितलं असेल. तिथं तर वासाचंच काम म्हणतेस. सांगितलंस ना?"

अहल्येने भात कालवला. तो जिभेला नुसता मऊ आणि खारट लागत होता, गेली चार वर्षं लागत होता तसा. तिला वाटलं होतं की पाळत असेल किंवा दया असेल. ह्यांतलं काहीच नसून म्हातारीने आपल्याला शहाणं धरलं होतं, हे तिच्या कल्पनेत कधी आलं नव्हतं, आणि ते तिला सगळ्यांत जड गेलं. ती अर्ध्या पानावरून उठली.

ती लॅबमध्ये परतली तेव्हा मेघाश्री रजिस्टर पुसून जागेवर ठेवत होती. पुसून की वाचून? "अक्का, वरून निरोप आलाय. डॉक्टर मोकळे झालेत, ४१७ चा रिपोर्ट मागतायत," ती म्हणाली आणि काही विचारायचं असल्यासारखी उभी राहिली. अहल्येने रिपोर्ट घेतला. मग रजिस्टरही घेतलं.

डॉक्टर सुधींद्रांच्या खोलीत मखमलीच्या खाचेत नवी दुर्बीण ठेवलेली होती, पेनाएवढी जाड, स्वच्छ. ते घरी मराठी बोलणाऱ्यांतलेच होते. तिच्याशी नेहमी मराठीतच बोलत. शेजारच्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि फटीतून कॉटवरची कापडी पिशवी दिसत होती.

"बसा अहल्याबाई. कॉफी सांगू?" त्यांनी रिपोर्ट वाचला आणि भुवया उंचावल्या. "अरे व्वा. हा कुठून उगवला? आणि हिरवा नाही म्हणता? मग पकडलात कसा?" उत्तराची वाट न पाहता ते मागचे दोन कागद काढून शेजारी मांडू लागले. "हे बघा. जानेवारी साफ. फेब्रुवारी साफ. आज हे साहेब. म्हणजे पाहुणा नवा आहे. आपल्याच गोळ्यांनी आतले जुने रहिवासी मेले, जागा रिकामी झाली, हा घुसला. होतं असं."

होतं असं. अहल्येने ते मनात म्हणून पाहिलं. शास्त्राला धरून होतं, कुठेही चूक नव्हती. कितीतरी जणांत तसंच होत असेल. तिला फक्त मान हलवायची होती.

"ह्याच्यावरचं इंजेक्शन आत्ता सुरू करतो," ते पुढे म्हणाले, "सूज उतरेल. स्कॅनसाठी गुरुवारचा नंबर मिळालाय, तोवर थांबू. नवा आहे म्हटल्यावर हाड शाबूत असणार. उगाच घाईने उघडायला नको."

"आणि जुना असता तर?"

"जुना? जुना असता तर गुरुवारपर्यंत थांबलो नसतो. तीन महिने हा आत बसला असता, तर डोळ्याकडची भिंत पापडासारखी झाली असती. आज संध्याकाळीच टेबलावर घेतलं असतं तिला; डोळा राहतो की जातो असा मामला." ते हसले. "पण तुम्ही कशाला काळजी करता? तुमचं नाक पहाऱ्यावर असताना तीन महिने लपेल कोण? आमच्या ह्या दुर्बिणीपेक्षा तुमच्या नाकावर माझा भरवसा जास्त. एवढी वर्षं उगीच नाही."

फटीतल्या पिशवीवर एक हात आला, चाचपडला, पिशवी जवळ ओढून स्थिर झाला. अहल्येने रजिस्टर टेबलावर ठेवून उघडलं. पान सापडायला वेळ लागला नाही. तिने जानेवारीच्या ओळीवर बोट ठेवलं, फेब्रुवारीच्या ओळीवर ठेवलं, आणि त्याच पाच-सहा शब्दांच्या इतर ओळी दिसतील एवढं रजिस्टर त्यांच्याकडे फिरवलं. डॉक्टर वाचत होते, आणि त्यांचं हसू अजून पूर्ण मावळलं नव्हतं.

"हा नवा नाही, डॉक्टर," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्याहून साधा निघाला. "जानेवारीपासून हाच आहे. तिला आजच टेबलावर घ्या. मला वास येत नाही. चार वर्षं झाली, कशाचाच येत नाही. आजचा वास मेघाश्रीला आला, मला नाही. असं लिहिलेल्या प्रत्येकाला परत बोलवायला हवं, मी नावं काढून देते, आणि आजपासून प्लेटींच्या रिपोर्टांवर माझी सही होणार नाही."